दोराला सगळा भार

"दोराला अर्धा भार द्यायचा नाही. द्यायचा तर सगळा द्यायचा, नाहीतर आडात उतरायचंच नाही," असं मामांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं होतं. मामा म्हणजे माझे सासरे. विहिरी आणि आड उपसणं, गाळ काढणं, आडाला आतून लावलेल्या सिमेंटच्या गोल कड्या सरकल्या की पुन्हा बसवणं हा या घराचा धंदा. त्या दिवशी अंगणात तीन पायांची उंच लाकडी तिवई उभी होती. तिच्या कप्पीतून दोर खाली सोडलेला आणि दोराच्या टोकाला बसायची फळी. नव्या सुनेचं कौतुक म्हणून मामांनी मला फळीवर बसवलं आणि जरासं वर ओढलं. मी मात्र पायाची बोटं जमिनीला टेकवूनच बसले होते. ते त्यांनी पाहिलं आणि वरचं वाक्य बोलले.

मी हसले. म्हटलं, मामा, मला कोण आडात उतरवतंय. मी कॉलेज करून आलेली, मुलांच्या शिकवण्या घेणारी बाई. आडाशी माझा संबंध पाणी शेंदण्यापुरता. मामा पुन्हा दोर तपासायला लागले. ते तसेही कमी बोलतात. आडात तोंड घालून ओरडायची सवय असल्यामुळे जमिनीवर आल्यावर त्यांचे शब्द संपलेले असतात, असं आत्या म्हणतात. आत्या म्हणजे सासूबाई.

मी मुळातच काळजीखोर. बाळ झाल्यापासून तर काही विचारूच नका. झोपलेल्या लेकीच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघायचा, पाणी उकळून गार केलं की पुन्हा उकळायचं, दाराची कडी लावली की नाही ते उठून बघायचं, आणि बघून आल्यावर नीट बघितलं का ते आठवत बसायचं. हे, म्हणजे माझा नवरा, कामाला गेले की ते आडात उतरत असतील ती वेळ मी घराच्या आतल्या खोलीत काढायची. काम बघायला मी कधीही गेले नाही. बघितलं असतं तर जीव गेला असता.

प्रार्थना मी भरपूर करायची. पण आत्यांनी एकदा माझं नेमकं दुखणं पकडलं. आम्ही दोघी भांडी घासत होतो. त्या म्हणाल्या, "तू सगळं प्रभूच्या पायाशी ठेवतेस गं, मी ऐकते ना. पण आमेन म्हटलं की सगळं परत पदरात भरून उठतेस. मग त्याने करायचं तरी काय?" मी ताट जरा जास्तच जोरात विसळलं. मला ते लागलं होतं, कारण खरं होतं.

या उन्हाळ्यात पाणी लवकर खाली गेलं. गावोगावचे आड आटायला लागले आणि आड उपसणाऱ्या सगळ्या टोळ्यांना एकदम मागणी आली. नेमकं तेव्हाच आमचे हे खांद्यावर कप्पी घेऊन सायकलवरून येताना घसरले आणि हासळीचं हाड मोडून घेऊन घरी आले. हात गळ्यात बांधलेला, चेहरा ओशाळलेला. आडाच्या तळाशी कधी खरचटलं नाही आणि सपाट रस्त्यावर पडलो, म्हणून स्वतःच हसले आणि हसताना कळ आली म्हणून विव्हळले.

त्यांच्यामागोमाग आमच्याच अंगणातल्या आडाने मान टाकली. खालची एक कडी थोडी सरकली, फटीतून वाळू आली, आणि दर खेपेला बादलीत पाण्यापेक्षा चिखल जास्त येऊ लागला. या आडावर आमचं घर आणि शेजारची चार-पाच घरं चालतात. जगाचे आड साफ करणाऱ्यांचा आड बुजला, हा विनोद गल्लीत सगळ्यांनी आपापल्या परीने करून घेतला. दुसऱ्या टोळ्यांना मामांनी निरोप धाडले. सगळे म्हणाले येतो, पण आधीची कामं उरकल्यावर. तोपर्यंत वाळू भरत राहिली तर कडी पुरती सरकणार आणि मग आड गेला, हे मामांनी जमिनीवर काडीने काढून दाखवलं.

आत्या म्हणाल्या की मी बाळाला घेऊन पाऊस पडेपर्यंत माहेरी जावं. त्यात वाईट काही नव्हतं. पण मी गेले तर यांना औषध कोण देणार, पट्टी कोण बदलणार, आत्या पाणी उकळतील का, एकदा तरी उकळतील का. माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं.

आमचा आड अरुंद. खाली उतरायला बारीक अंगाचंच माणूस लागतं. मामांचे गुडघे गेलेले. माझ्या दिरांनी प्रयत्न केला. ते अंगाने दाराएवढे. पहिल्याच कडीत खांदे अडकले. त्यांना वर काढताना लोहारदादा इतके हसले की त्यांच्या हातातली पकड सुटायला आली. लोहारदादा म्हणजे पलीकडच्या घरातले. मदतीला नेहमी येणारे. आत्या म्हणाल्या, "माझं तर नावच काढू नका. मी उतरले की आडाला झाकण बसलं." सगळे हसले. आणि मग हसू ओसरल्यावर एकेकाची नजर माझ्याकडे येऊन बाजूला झाली.

मीच म्हटलं, मी उतरते.

धीराची म्हणून म्हटलं असं कुणी समजू नये. दुसऱ्यावर सोपवण्यापेक्षा आपण केलेलं बरं, हा माझा जुना रोग. स्वतः केलं की नीट होतं, असं मला वाटायचं. यांनी नको म्हणून पाहिलं, पण माझा आवाज ऐकून स्वतःची जुनी पँट शोधायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी आधी पेटता कंदील दोराने तळाशी सोडला. तो विझला नाही, म्हणजे हवा ठीक होती. तरी त्यांनी पानांची एक मोठी डहाळी बांधून खालीवर फिरवली, कोंडलेली हवा हलवली. मी यांची जुनी पँट घातली, कमरेला सुतळी, वर दिरांचा सदरा, बाह्या चार घड्या घालून, आणि डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट. शेजारच्या काकू म्हणाल्या की मी परीक्षेला निघाल्यासारखी दिसतेय. बाळाने मला ओळखलंच नाही. ती आत्यांच्या कडेवरून माझ्याकडे परक्यासारखी बघत राहिली, आणि त्यानेच माझं अर्धं अवसान गळालं.

उतरण्याआधी मी स्वयंपाकघरात जाऊन प्रार्थना करून आले. खरं तर प्रभूला कामं वाटून देऊन आले. गाठ बघ. कप्पी बघ. लोहारदादांचे तळहात घामेजतात, ते बघ. आणि सगळ्यात आधी दिरांकडे बघ.

कारण दोरावर दीर होते. गल्लीत त्यांना विसरोबा म्हणतात, आणि त्यांना राग येत नाही. तेही ते विसरतात. सायकलची साखळी बसवायला गेले आणि सायकल तिथेच ठेवून चालत घरी आले, असे हे. आत्यांना प्रार्थनासभेतून बोलवायला पाठवलं तर स्वतःच मागच्या बाकावर बसून शेवटपर्यंत गाणी म्हणत राहिले. मनाने सोनं, पण लक्ष म्हणाल तर पाखरू. बाळाला घेऊ का म्हणून ते दारात येऊन उभे राहायचे. मी दर वेळी म्हणायची, आता झोपायची वेळ झालीय तिची. सकाळ असो, दुपार असो, माझं उत्तर तेच.

मी मामांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हटलं की भावजींना दुसरं काहीतरी काम द्या, बादल्या ओतायला ठेवा. मामांनी दोर ओढून बघत मान हलवली. म्हणाले, तो मागेच बरा. एवढंच. मला वाटलं, बापाला मुलाचं दिसत नाही ते नाहीच.

आत्यांनी बाळाला कडेवर सावरत तिथेच डोळे मिटले. प्रार्थना केली तीही जेवणाआधीची असावी इतकी लहान: ही तुझी आहे, हिला तू धर, आमेन.

मी फळीवर बसले. मामा कप्पीपाशी, सूचना द्यायला. लोहारदादा दोर सोडायला. दीर कुठेतरी मागे, गोठ्याच्या भिंतीकडे. मला वळून बघवलं नाही.

खाली जाताना पहिल्यांदा उजेड जातो असं वाटतं, पण तसं नाही. पहिल्यांदा ऊन जातं. मानेवरचं ऊन निघून जातं आणि अंगाला ओला, जुना गारवा लागतो. कड्यांच्या सांध्यात बारीक कडा असतात. माझ्या पायाची बोटं आपोआप तिथे टेकली. एका हातात दोर, दुसऱ्या हाताने मी कडीच्या सिमेंटमधून बाहेर आलेल्या गंजक्या सळ्या धरत होते. एक सोडायची, खालची धरायची. मला वाटत होतं मी फार हुशारीने उतरतेय. दोराला दगाफटका झाला तर पाय आहेत, पाय सुटले तर हात आहेत.

वरून मामांचा आवाज आला, "दोर ढिला येतोय. भार दे."

मी म्हटलं, दिलाय.

"ढिला येतोय पोरी."

दिलाय म्हणतेय ना, मी ओरडले. आणि दिला नव्हता.

मी सळ्यांना लोंबकळत होते तेवढ्यात वरून दोर सुटत राहिला होता, आणि फळी माझ्याखाली रिकामीच खाली गेली होती. हे मला तेव्हा कळलं जेव्हा बोटांखालचं शेवाळ सरकलं. पाय गेले. हातातली सळी निसटली. मी खाली गेले, फळीवर आदळले, आणि तो सगळा हिसका वर दोराला बसला. वर कुणीतरी ओरडलं. दोर धरल्यासारखा वाटला आणि पुन्हा सुटला. हेल्मेट भिंतीवर खाडकन वाजलं, कोपर सोललं. आणि मग सगळं थांबलं. एकदम. मी हवेत लटकत होते आणि हळूहळू गोल फिरत होते.

वरचं गोल आभाळ ताटाएवढं झालं होतं. त्यात मामांचं डोकं आलं. लागलं का, वर घेऊ का, असं त्यांनी विचारलं.

तेव्हा बाळ रडायला लागलं.

आईला आपल्या लेकराचं रडणं कुठल्या प्रकारचं आहे ते कळतं. हे भुकेचं होतं. आडात तो आवाज वरून सांडल्यासारखा आला आणि माझ्या छातीत कळ उठून दूध सुटलं. सदरा भिजला. मी तिथे खाली, ती तिथे वर, आणि माझ्या हातात तिच्यासाठी करण्यासारखं काहीही नव्हतं. श्वास बघता येत नव्हता, पाणी उकळता येत नव्हतं, कडी बघता येत नव्हती. मी माझ्या हातांकडे पाहिलं. डावा हात पुन्हा एका सळीला घट्ट धरून बसला होता. मी केव्हा धरली ते मलाच माहीत नाही. आणि फळी, जिच्यावर मी बसायला हवं होतं, ती तिरकी होऊन माझ्या मांडीला रुतत होती, कारण मी अजूनही बसलेली नव्हते. पडून जगले होते, तरी बसलेली नव्हते.

मला कुणीतरी धरलेलं होतं. माझ्या हाताने मी वाचले नव्हते. माझ्या हातानेच तर पडले होते. हे इतकं साधं होतं की मला त्याची लाज वाटायलाही वेळ मिळाला नाही.

मी म्हटलं, "प्रभू, बसते मी."

एवढीच प्रार्थना. त्यात एकही सूचना नव्हती. मी सळीवरची बोटं सोडली. पाय भिंतीपासून काढले आणि खाली लोंबू दिले. सगळं अंग फळीवर ठेवलं, बाळंतपणात वाढलेलं, काळजीने वाळलेलं, सगळंच्या सगळं. दोर ताठ झाला, वर कप्पी कुरकुरली, फळी सरळ झाली आणि मी स्थिर झाले.

"मामा, सोडा," मी ओरडले.

त्यांनी विचारलं, खाली की वर. मी म्हटलं, खाली. आता काही धरायचं नसल्यामुळे मी दोन्ही हात मांडीवर ठेवून खाली गेले, दवाखान्यात पाळी यायची वाट बघत बसलेल्या बाईसारखी.

तळाशी गाळ पोटऱ्यांपर्यंत होता. थंड, काळा, चिकट. आखूड दांड्याचं फावडं, घमेलं आणि बादली एवढ्याच गोष्टींना जागा होती. चौथी गोष्ट मी. वाकलं की पाठ भिंतीला घासायची. बादली भरायची, दोराला हिसका द्यायचा, आणि ती डोक्यावरून जाताना भिंतीला चिकटून उभं राहायचं. थेंब मानेवर पडायचे. थोड्या वेळाने कंबर आहे की नाही कळेनासं झालं. मध्येच वर बाळाचं रडणं थांबलं. कुणी थांबवलं, कशाने थांबवलं, काय पाजलं, उकळलेलं होतं का, यातलं एकही मी वर ओरडून विचारलं नाही. ही गोष्ट लिहायला एक ओळ लागते; तिथे उभं राहून ती करायला मला सगळं बळ लागलं, आणि ते बळ माझं नव्हतं एवढं मला कळत होतं.

दुपार कलताना, सरकलेल्या कडीच्या बुडातली वाळू मोकळी केल्यावर, माझ्या घोट्याला गार रेघ लागली. गाळाचा थंडपणा वेगळा आणि हा वेगळा. हा चालत होता. मी वाकून ओंजळ भरली. गढूळ होतं, पण पाणी होतं. मी वर काही ओरडले नाही. तिथेच उभी राहून रडले आणि हसले, आणि त्या आवाजाने मामा घाबरून वर घेऊ का विचारू लागले.

वर आले तेव्हा उन्हाने डोळे मिटले. आत्यांनी आधी बाळ माझ्याकडे दिलं, मग पाणी. बाळ चिखलासकट प्यायला लागलं. लोहारदादा पायरीवर बसले होते, दोन्ही तळहात उताणे, कातडी सोललेली. ते माझ्याकडे बघेनात. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले की हिसका बसला तेव्हा दोर त्यांच्या हातातून गेला. ताई, मी सोडला नाही, तो गेला. आणि डोळ्यांनी त्यांनी गोठ्याकडे खूण केली.

तिथे दीर पालथे पडले होते, सदरा वर करून. आत्या जाऊन त्यांच्या कमरेला तेल लावू लागल्या. दोराचा वळ सगळ्या कमरेभोवती उठला होता, लाल, मध्ये मध्ये कातडं गेलेलं. गुडघे फुटलेले. जमिनीवर गोठ्यापासून तिवईच्या अर्ध्या वाटेपर्यंत ओढल्याची खूण होती, आणि तिच्या शेवटी टाचांनी पडलेले दोन खड्डे.

दोराचं मागचं टोक ते हातात धरतच नाहीत. कमरेला बांधून घेतात. दोर सोडताना तिवईकडे चालत येतात, ओढताना मागे चालत जातात. कायमचं असंच. यांच्या प्रत्येक उतरण्याच्या वेळी हे असंच होत आलं होतं आणि मी आतल्या खोलीत कान झाकून बसलेली असायची.

मी तिथे जाऊन बसले. भावजी, हे असं का बांधून घेता, एवढंच विचारलं.

ते मातीत गाल टेकवूनच बोलले. "वहिनी, माझं लक्ष कधी उडेल त्याचा नेम नाही. माझा माझ्यावर भरवसा नाही ना. हातात धरला तर मी सोडीन. म्हणून बांधून घेतो आणि देवाला म्हणतो, आता माझ्या विसरण्याचं तू बघ."

एवढं बोलून त्यांनी विचारलं की पाणी लागलं का. मघापासून सगळी गल्ली त्याच पाण्याबद्दल बोलत होती. मी म्हटलं, लागलं.

बाळाचं पिऊन झालं होतं. मी तिला त्यांच्या पुढ्यात ठेवलं. ते कष्टाने उठून बसले, हात मांडीला पुसले, आणि तिला घेण्याआधी माझ्याकडे बघून म्हणाले, "झोपायची वेळ नाही ना झाली तिची?"

आत्या इतक्या हसल्या की तेलाची वाटी कलंडली.

पुढचे काही दिवस मी रोज उतरले. मामांनी वरून सांगितलं तशी कडी पहारेने हलवून जागेवर घेतली, फटीत खडी आणि सिमेंट भरलं. रोज आत्या तेवढीच लहान प्रार्थना करायच्या आणि रोज मी फळीवर पुरती बसायची. भीती गेली असं नाही. भीती माझ्याबरोबर फळीवर बसून यायची; तिचाही भार दोरच घ्यायचा. रविवारी उपासनेत आत्यांनी उभं राहून उपकार मानले, कप्पीचे, तिवईच्या लाकडाचे, लोहारदादांच्या तळहातांचे, माझ्या बारीक अंगाचे. मग म्हणाल्या, आणि माझ्या विसरोबाचे. मंडळीत हशा पिकला. मला हसू आलं नाही. मी मान खाली घालून आमेन म्हटलं, आणि उठताना त्या दिवशी पहिल्यांदा माझे हात रिकामे होते.

आज मी हे लिहितेय तेव्हा आडात स्वच्छ पाणी आहे आणि शेजारच्या काकू शेंदताना कप्पीला शिव्या घालतायत. यांचं हाड जुळलंय. बाळ धरून धरून उभं राहतंय, आणि त्याचं पाऊल चुकलं की मी अजूनही धावते. एकदम सुधारणारी माझी जात नाही. पण रात्री श्वास एकदा बघते आणि झोपते. आभाराला कारणं इतकी आहेत की प्रार्थनेत मागण्यांना जागाच उरत नाही.

दीर मात्र घरी नाहीत. मागणी अजून संपलेली नाही, म्हणून ते दुसऱ्या टोळीबरोबर लांबच्या गावांना गेलेत. जाताना वळ पुरता भरलेला नव्हता. मलम दिलंय, पण ते लावायचं त्यांना आठवेल असं मला वाटत नाही. टोळीतल्या लोकांना सांगून ठेवलंय, तर ते म्हणाले, वहिनी, आमची नजर खाली उतरलेल्यावर असते हो.

तेच तर आहे. आडात माणूस उतरला की सगळी गल्ली काठावर वाकून खाली बघते. तुमच्याकडे या दिवसांत आड उपसायला माणसं आली असतील, तर एक करा. काठावरून मागे वळा. गोठ्याच्या, कुंपणाच्या, कशाच्या तरी कडेला एक दाराएवढा माणूस उभा असेल, कमरेला दोर बांधून, भलतीकडेच बघत. त्याच्यापाशी जा. त्याला विचारा, जेवलास का, आणि सदरा जरा वर करून कंबर बघा.

तुम्ही कोण म्हणून त्याने विचारलं तर सांगा, वहिनीने पाठवलंय.